सरांचं नाव

२०६४ सालच्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मिरजेच्या स्मृती प्रयोगशाळेतले सगळे पडदे एकदम कोरे झाले.

"वीज नाही गेली, मॅडम," जाळेतज्ज्ञ सुदाम बाबर म्हणाले. "नोंदणीवाल्यांनी आपलं डोमेन गोठवलंय. आपलं इंटरनेटवरचं नाव."

प्रमुख डॉ. यशोधरा पोतनीस यांनी दारातून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ अभिराम चहात बिस्किट बुडवत होता. आजाराने त्याच्या मेंदूतलं आठवणींचं कोठार निकामी होऊ लागलं, तेव्हा त्यातलं सगळं एका स्मृतिकुपीत उतरवून ती डोक्यात बसवली होती. अशी कुपी लावलेला तो पहिला आणि अजून तरी एकटाच माणूस. भाषा, रीतभात मेंदूत शाबूत होती. माणसं आणि प्रसंग मात्र कुपीत.

ही कुपी दर तासाला प्रयोगशाळेच्या नावाला हाक मारी. बहात्तर तास उत्तर आलं नाही, तर आपण चोराच्या हाती लागलो असं समजून ती स्वतःला पुसून टाकी. ही योजना संस्थापक कै. काणेगावकर सरांची. आठवणींची नक्कल कुठेही ठेवायची नाही, हाही त्यांचाच नियम.

"पण गोठवलं का?"

"दरवर्षी ते विचारतात, संपर्काची माहिती बरोबर आहे का? सहा वर्षं कुणी उत्तर दिलं नाही. नोंदणीत अजून सरांचं नाव आहे."

बाबरांनी नोंदणीतलं नाव बदलायचा अर्ज दोनदा यशोधरांसमोर ठेवला होता. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "सरांचं नाव काढणारी मी कोण?" सरांच्या फोटोला दर पुण्यतिथीला हार पडत होता. त्यांच्या ईमेलच्या टपालपेटीला आदरापोटी कुणी हातही लावत नव्हतं. काय म्हणावं या आदराला!

"मग आता उत्तर देऊ या ना!"

"त्यांनी परवलीचा आकडा सरांच्या ईमेलवर पाठवलाय. आणि तो ईमेल आपल्याच नावावरचा. नाव बंद, म्हणून पेटी बंद. पेटी बंद, म्हणून नाव बंद."

"फोन?"

"सरांचाच. तो नंबर कधीच गेला."

"इथल्या इथे खोटं नाव उभं करून कुपीला फसवता येईल?"

"सर एवढे कच्चे होते का, मॅडम? त्यालाच तर ती चोरी समजते."

मृत्यूचा दाखला, ठराव, शिक्के घेऊन बाबर त्याच दिवशी नोंदणी कार्यालयात धडकले. तिथला माणूस भला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडताळणीला पंधरा दिवस लागतील असं सांगितलं. बाबर तिथेच रडले.

शुक्रवारी सकाळी यशोधरा भावाजवळ बसल्या होत्या.

"ताई, आठवतं? सायकल मी पाडली आणि मार तू खाल्लास," अभिराम हसत म्हणाला. "वेडाबाई आहेस अगदी."

"आठवतं रे. अजून सांग."

तो सांगत राहिला. अकरा वाजून गेले. एका वाक्याच्या मध्येच तो थांबला, इकडेतिकडे बघू लागला आणि पाय आवरून नीट बसला.

सोळाव्या दिवशी नाव सुरू झालं. कुपीने हाक मारली, प्रयोगशाळेने ओ दिली आणि पडद्यावर नव्या रुग्णाचा कोरा अर्ज उघडला. यशोधरांनी अभिरामचं नाव भरलं. पुढचा रकाना संपर्क व्यक्तीचा होता. त्यांचा हात तिथेच अडला.

"तुमचंच लिहा ना, बाई," अभिराम अदबीने म्हणाला. "नर्सबाई सांगत होत्या, तुम्ही रोज येता म्हणून. माझं दुसरं कुणी असेलसं वाटत नाही."

त्यांनी आपलं नाव लिहिलं, फोन लिहिला, पत्ता लिहिला. मग नात्याचा रकाना आला.

"इथे काय लिहायचं?" त्याने विचारलं.