सैल केलेला गज

नाट्यगृहातली वाद्यं दुरुस्त करायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्या दुपारीही मी कामासाठीच गेले होते. एका चेलोची खुंटी फिरत नव्हती, ती बसवून द्यायची होती. खुंटी बसवायला दहा मिनिटं लागली. खरं काम त्यानंतरचं होतं, कारण त्याच दुपारी पोलीस तिथे नव्याने पाहणी करायला येणार होते आणि ती पाहणी मी महिनाभर भांडून पदरात पाडून घेतली होती.

माझा धाकटा भाऊ तिथे व्हायोलिन वाजवायचा. रंगमंचापुढे वादक बसतात त्या खड्ड्यात चौदा महिन्यांपूर्वी तो मेलेला सापडला. एकटाच सराव करत असताना मागून कुणीतरी स्वरलिपीचे कागद ठेवायचा लोखंडी स्टँड डोक्यात घातला होता. पोलिसांनी दोन दिवसांत दारवानाला उचललं. किल्ल्या त्याच्याकडे असायच्या, आणि आदल्याच आठवड्यात उशिरा दार उघडण्यावरून त्याचा भावाशी खटका उडाला होता. हा खटका पोलिसांना सांगितला कुणी? मी. त्यांनी विचारलंही नव्हतं. "दारवानकाकाच असणार, दुसरं कोण?" असं म्हणून मी रडत रडत जबाबावर सही करून मोकळी झाले. व्यवस्थापकाने तिसऱ्या दिवशी खड्ड्यातला गालिचा बदलला आणि चौथ्या दिवशी पडदा वर गेला. सगळे आपापल्या कामाला लागले.

मग खटला उभा राहायची वेळ आली तेव्हा वकिलांनी मला फोटो दाखवले. भाऊ पालथा पडलेला, व्हायोलिन अंगाखाली चिरडलेलं. म्हणजे वाजवतानाच घाव बसला होता. आणि गज, म्हणजे तारांवर फिरवतात ती केसांची काठी, शेजारच्या खुर्चीवर होता. नीट ठेवलेला, आणि केस सैल केलेले.

वाजवून झालं की आमच्यातला प्रत्येक जण गजाच्या बुडाचा स्क्रू फिरवून केस सैल करतो, नाहीतर काठी वाकते. हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि मग जन्मभर हात ते आपोआप करतो. वाजवता वाजवता मेलेला माणूस गज सैल करत नाही. दारवानाला तर गजाला स्क्रू असतो हेही ठाऊक नसणार. खाली पडलेला गज उचलून, सवयीने सैल करून ठेवणारा हात आमच्यापैकीच कुणाचा तरी होता.

तपास अधिकाऱ्याला सांगितलं तर तो हसला.

"बाई, घोड्याच्या केसांवर खटले चालत नाहीत."

"म्हाताऱ्या माणसाच्या किल्ल्यांवर बरे चालतात," मी म्हणाले. मग रोज जाऊन त्याच्या टेबलासमोर ठिय्या दिला. शेवटी माझी ब्याद टळावी म्हणून तो आला.

त्या दिवशी भावाबरोबर सराव करणारे चार वादक आपापल्या तेव्हाच्याच जागांवर बसले. भावाची खुर्ची रिकामी ठेवली. चौघांचाही जबाब एकच होता: सकाळचा सराव संपवून आम्ही घरी गेलो, तो एकटा मागे राहिला. मी त्यांना सकाळची तीच रचना वाजवायला सांगितली. वादकांचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भाऊ नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडेच शिकला होता. पण पोलिसासमोर त्यांना नाही म्हणवेना.

दुपारचे तीन वाजले होते, पण त्या खड्ड्यात दुपार पोचत नाही. स्टँडवरचे छोटे दिवे, जुन्या मखमलीचा कुबट वास, आणि वर रिकाम्या खुर्च्यांचा काळोख. रचना अर्ध्यावर आली आणि सगळे दिवे गेले.

चौघे थांबले. कुठेतरी खुर्ची करकरली. मग राळेचा वास आला, गजावर नुकतीच घासल्यासारखा ताजा. आणि एक व्हायोलिन पुढचं वाजवू लागलं. चौघे जिथे थांबले होते, बरोबर तिथून.

मी तो हात ओळखला. वरच्या सुराकडे जाताना भाऊ किंचित घाई करायचा. त्यावरून मी त्याला लहानपणापासून चिडवायचे.

"कोण वाजवतंय..." अधिकारी कुजबुजला. त्याने माझा दंड घट्ट धरला होता.

सूर चालूच राहिले, आणि भीती वाटायच्या ऐवजी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा महिने कुठे होतास? एक निरपराध माणूस तुरुंगात सडत होता, मी घरात भिंतींशी बोलत होते, आणि तू आत्ता येतोस?

मग डावीकडून, अगदी हलक्या आवाजात, मोठे सर बोलले.

"बस कर... खाली ठेव ते... त्या दुपारीही सांगत होतो ना... बस कर म्हणून..."

अधिकाऱ्याने टॉर्च लावला. सूर तुटले. तिघांच्या हातात गज तसेच होते, केस ताणलेले. मोठ्या सरांच्या मांडीवरचा गज सैल होता आणि त्यांची बोटं अजून स्क्रूवर होती.

"कुठली दुपार, सर?" अधिकाऱ्याने विचारलं. "तुम्ही तर घरी गेला होतात."

दोन दिवसांत त्यांनी सगळं कबूल केलं. त्यांची खुर्ची माझ्या भावाला मिळणार होती, एवढंच कारण. ज्या हाताने त्याची बोटं पहिल्यांदा तारांवर बसवली, त्याच हाताने हे केलं. आजही त्या माणसाचा विषय निघाला की माझ्या हातातलं काम बिघडतं.

दारवानकाका सुटले. त्यांची माफी मागायला जायचं धाडस व्हायला मला आठ दिवस लागले. एका खोलीचं घर, दार उघडंच. काका खाटेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. अंगाने निम्मे झाले होते. मी दारातच थांबले. घरून ठरवून आणलेलं एक वाक्य धड आठवेना.

"काका, तुमचं नाव पोलिसांना... मीच..."

"माहितीये," ते म्हणाले. "त्यानेच सांगितलं."

"कुणी?"

"तुमच्या भावाने. दुसऱ्या महिन्यापासून यायचा कोठडीत, दुपारचा. भिंतीला टेकून बसायचा. शिव्या घातल्या, हात जोडले, हलायचाच नाही. मी म्हणायचो, अरे बाबा, मी नाही मारलं तुला. तो म्हणायचा, मला ठाऊक आहे काका, पण ताई ऐकत नाही. आधी रोज तिच्याकडेच जातो, तिला ऐकूच येत नाही."

मी दाराची चौकट धरली.

"आता... आता येतो का?"

"सुटल्यापासून नाही आला." काकांनी चप्पल बाजूला ठेवली. माझ्या खांद्यामागे पाहिलं आणि खाटेवर सरकून दोघांपुरती जागा केली. "आत या ना, ताई. तुम्ही दार अडवलंय. तो बिचारा मागे कधीचा उभा आहे."