थोरलीची ओवणी

"फट्! फट् फट्... फटाक्!"

चढाच्या मध्यावर थोरलीने मोठा बार काढला, दोन आचके दिले आणि ती चक्क मागे घसरायला लागली.

"दगड! चाकाला दगड लाव!" मावशी आतून ओरडली.

बॉबिन दगड घेऊन गाडीच्या बाजूने पळतच होती. तिने तो मागच्या चाकाखाली सारला आणि थोरली एकदाची थांबली. चढाच्या पायथ्याशी गॅरेजवाले उस्ताद कमरेवर हात ठेवून हसत उभे होते.

"मी आधीच म्हटलं होतं ताई! भंगारातल्या भागांनी गाडी होत नसते. त्याचं भंगारच होतं!"

बॉबिनच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरली म्हणजे मावशीची गाडी. मावशीपेक्षा सहा महिन्यांनी मोठी, म्हणून थोरली. मावशीचा धंदा शिलाई यंत्रं दुरुस्त करण्याचा, आणि बारा वर्षांची बॉबिन दर सुट्टीत तिच्याकडे राहायला यायची. शिलाई यंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी सतत फिरती, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून मावशीनेच तिला हे नाव दिलं होतं.

या सुट्टीत मात्र वेगळंच प्रकरण होतं. टेकडीवरच्या शिलाई केंद्रात चाळीस यंत्रं होती. तिथल्या बाईंनी मावशीला सांगितलं होतं, "दर आठवड्याला सगळी हत्यारं आणि सुटे भाग घेऊन वर यायचं. आज चारच्या आत पहिली फेरी झाली, तर काम तुमचं. नाहीतर कंपनीचा माणूस ठरलेलाच आहे." आणि थोरलीला तर रिकामी असतानाही त्या चढावर धाप लागायची!

"नवी गाडी नाही ना? मग आहे त्या गाडीचं इंजिन तगडं करू!" मावशी म्हणाली होती. भंगारच्या आवारात एक आपटलेली लाल गाडी पडली होती. थोरलीच्याच कंपनीची, पण जास्त ताकदीची. तिचं तोंड चेपलं होतं, पण आतला माल खणखणीत होता. आठ दिवस बॉबिन आणि तिच्या दोन साथीदारांनी त्या लाल गाडीतून एकेक भाग सोडवला होता. इंजिनाचं हेड, मोठा कार्बोरेटर आणि झडपांची उघडमीट करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट. रॉकेलमध्ये धुऊन, घासून, पुसून त्यांची नखं काळी झाली होती. जोडणी तेवढी उस्तादांच्या गॅरेजात झाली, कारण जड भाग उचलायची साखळी त्यांच्याकडेच होती. शेवटी प्लगच्या वायरी लावायला बॉबिन पुढे झाली, तर उस्ताद म्हणाले होते, "हो बाजूला! पोराटोरांचं काम नाही हे!"

आणि आता हे!

"बास झालं," मामा म्हणाला. तो सकाळीच शहरातून आला होता. "हौस फिटली ना? भंगारवाल्याला फोन केलाय मी. दोन वाजता गाडी उचलून नेतील. तू दुकान बंद कर आणि माझ्या ऑफिसात ये. खुर्चीवर बसून फायली लावायच्या, कसली कटकट नाही."

"दादा, अरे..."

"अगं, किती दिवस हा हट्ट?"

मावशीने मान खाली घातली. बॉबिनने मावशीला अशी हार मानताना कधीच पाहिलं नव्हतं. फायली लावणारी मावशी? स्क्रू ड्रायव्हर कानावर न खोचलेली मावशी? बॉबिनला संताप आला.

"दोन वाजता ना?" ती मामाकडे बघत म्हणाली. "आता दहाच वाजलेत!"

उतारावरून थोरली घरंगळत दुकानापर्यंत आली. मावशी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. बॉबिनने पाना घेतला, चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले.

"हे बघा रे!"

वकील आणि सायरन खाली वाकले. वकील म्हणजे मामाचा मुलगा, तोही सुट्टीसाठी इथे आलेला. अर्ध्या मार्कासाठी मुख्याध्यापकांपर्यंत भांडत जाणारा. सायरन शेजारची. तिच्या आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको.

"पहिला आणि चौथा कोरडे, चहाच्या रंगाचे," बॉबिन म्हणाली. "दुसरा आणि तिसरा ओलेचिंब. पेट्रोलचा वास येतोय. म्हणजे मधली दोन सिलिंडर पेटतच नाहीत!"

"मेली असतील!" सायरन म्हणाली.

"मेली कशावरून? पुरावा?" वकील लगेच गुरगुरला.

"चल, पुरावाच बघू. तू पुढून हँडल फिरव." बॉबिनने दुसऱ्या प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबला. वकिलाने जोर लावून हँडल फिरवलं आणि फुस्सकन हवा येऊन तिचा अंगठा उडाला! तिसऱ्यालाही तसंच, पहिल्याला आणि चौथ्यालाही तसंच.

"दम चौघांत सारखाच आहे. पेट्रोल पोचतंय. ठिणगी चारही वायरींना पडतेय, ती तर सकाळी उस्तादांनीच तपासली. मग घोडं पेंड खातंय कुठे?"

तेवढ्यात कोपऱ्यावरचे शिंपीकाका तावातावाने दुकानात शिरले.

"काय हो ताई, नवीन यंत्र घेतलं, तर दर चार टाक्यांना धागा तुटतोय! फसवलं मला!"

"जुन्या यंत्रासारखाच ओवलात ना?" मावशी भिंतीवरची नजरही न हलवता म्हणाली. "यंत्र बदललं की ओवणी बदलते, काका. यंत्रावर बाण काढलेले असतात, ते बघून ओवा."

शिंपीकाका डोकं खाजवत निघून गेले. बॉबिन मात्र हातातल्या पान्यासकट उभीच राहिली.

"मावशी! थोरलीचा दांडा बदललाय आपण!"

"मग?"

"मग तिची ओवणी नको बदलायला? कुठल्या सिलिंडरची पाळी कधी, ते तो दांडाच ठरवतो ना? आणि पाळीप्रमाणे ठिणगी पोचवायची या चार वायरींनी. उस्तादांनी त्या जुन्याच क्रमाने लावल्यात. एक, तीन, चार, दोन! नव्या दांड्याचा क्रम वेगळा असला तर? दोघांना बरोबर वेळी ठिणगी, आणि मधल्या दोघांना भलत्याच वेळी!"

मावशीने पहिल्यांदाच मान वळवली. ती उठली, प्लगांसमोर उकिडवी बसली आणि एकेक हातात घेऊन बघत राहिली.

"असू शकतं," ती हळूच म्हणाली. "पण 'असला तर'वर मी वायरीला हात लावू देणार नाही. भलत्या वेळी ठिणगी पडून कार्बोरेटर पेटला, तर थोरली जाईल आणि दुकानही जाईल."

"म्हणजे पुरावा पाहिजे!" वकिलाचे डोळे चमकले.

"आकडे!" सायरन एवढ्या जोरात किंचाळली की टेबलावरची कात्री हलली. "लाल गाडीच्या इंजिनावर, बाजूला, उठावाचे आकडे होते! मी पुसत होते तर हा वकील म्हणाला, ते आपल्याला न्यायचं नाही, मग पुसतेस कशाला!"

"मी... तसं म्हणालो होतो खरा," वकील पुटपुटला.

"ठिणगीचा क्रम कंपनी इंजिनावरच कोरते. जा पळत," मावशी म्हणाली. "आणि जपून. तिथली यंत्रं चालू असताना जवळ जायचं नाही. वचन द्या."

तिघांनी वचन दिलं आणि धूम ठोकली.

आवाराच्या फाटकाशी पोचली आणि तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. गाड्या चेपायचं भलं मोठं यंत्र धडाडत होतं. त्याच्यासमोर दोन गाड्यांची चपटी थप्पी पडली होती आणि तिसरी गाडी क्रेनला लटकत होती. तीच लाल गाडी!

"काका! ओ काका!" बॉबिन केबिनकडे धावली. भंगारवाले काका वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते. हलवून हलवून उठवलं, तेव्हा एक डोळा उघडून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत या. बारा वाजता. आता काम चालू आहे." आणि डोळा मिटला.

"बारापर्यंत तिची पोळी होईल!" वकील ओरडला. क्रेनवाल्याला हाका मारल्या, तर तो खिडकीतून नुसताच हात हलवत राहिला, 'हटा, हटा!'

बॉबिनने घड्याळ पाहिलं. अकरा वीस. मग तिने सायरनकडे पाहिलं. सायरननेही तिच्याकडे पाहिलं.

"जेवणाच्या सुट्टीचा भोंगा येतो तुला?"

"येतो का म्हणजे? सगळ्या कारखान्यांचे वेगवेगळे येतात!"

ती एका रिकाम्या पिंपामागे गेली, तिने छाती भरून श्वास घेतला आणि... "ऊँऽऽऽऽऽऽऽऽ!"

पिंपामुळे तो आवाज असा काही घुमला की बॉबिनच्याही अंगावर काटा आला. क्रेनवाल्याने घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने लाल गाडी खाली टेकवली, बटण दाबलं, यंत्र घरघरत गप्प झालं आणि तो डबा काखेत मारून सावलीकडे चालू लागला.

"आता!"

वाकलेल्या बॉनेटखाली तेलकट काळपट इंजिन होतं. बॉबिनने रुमालाने खसाखसा पुसलं. आकडे होते! पण इतके झिजलेले, की तीन की आठ तेही कळेना.

"हे काही पुराव्यात धरणार नाहीत," वकील हताश होऊन म्हणाला.

"थांब." बॉबिनच्या फ्रॉकच्या खिशात मावशीच्या दुकानातले कापडावर खुणा करायचे खडू कायम असायचे. तिने वकिलाच्या वहीचं पान फाडलं, आकड्यांवर ताणून धरलं आणि निळा खडू आडवा धरून हलकेच घासला. निळ्या रंगात एकेक आकडा वर आला. एक. दोन. चार. तीन.

"एक-दोन-चार-तीन!" तिघंही एकदम ओरडली.

केबिनच्या दारात भंगारवाले काका जांभई देत उभे होते. "बारा वाजले होय रे?"

"वाजतील हो काका, जातात कुठे!" सायरन म्हणाली आणि तिघं पसार झाली.

कागद घेऊन परतली, तर दोनची वाट न बघता उचलायची गाडी दुकानासमोर हजर! "सुट्टी लवकर झाली, म्हटलं हे काम उरकून टाकू," तिचा ड्रायव्हर मामाला सांगत होता. सायरनने जीभ चावली. हुक थोरलीच्या पुढच्या दांडीशी आला होता. उस्तादही गंमत बघायला आले होते.

बॉबिन धावत गेली आणि थोरली आणि हुक यांच्या मधोमध उभी राहिली.

"बाजूला हो," मामा म्हणाला.

"नाही होणार!"

"बॉबिन, मोठ्यांचं ऐकावं."

"मोठ्यांनी बघावं तरी! उस्तादांनी बघितलं नाही, भंगारवाल्या काकांनी बघितलं नाही, क्रेनवाल्याने घड्याळसुद्धा बघितलं नाही. आणि तू तर मावशीकडेही बघितलं नाहीस मामा! तिला फायली लावायला आवडेल का, विचारलंस एकदा तरी?"

बॉबिन हलली नाही. तिने निळा कागद पुढे धरला. मावशीने तो घेतला, वाचला आणि कानावरचा स्क्रू ड्रायव्हर नीट खोचला.

"हुक मागे घ्या हो," ती ड्रायव्हरला म्हणाली. आवाज पुन्हा तिचा झाला होता. "दादा, पाच मिनिटं. बॉबिन, बॉनेट उघड."

"अहो ताई, तीस वर्षं मी वायरी लावतोय!" उस्ताद उसळले. "एक-तीन-चार-दोन! झोपेतसुद्धा चुकणार नाही!"

"झोपेतच लावल्यात तुम्ही!" सायरन म्हणाली.

बॉबिनने धुऊन पुसलेले प्लग घट्ट बसवले. मावशी म्हणाली, "वायरीही तूच बदल." पहिली तशीच. चौथी तशीच. दुसरीची तिसरीला, तिसरीची दुसरीला. तेवढंच! मावशी आत बसली आणि तिने किल्ली फिरवली.

एक आचका बसला. आणि मग थोरली अशी एकसुरात घुमायला लागली, की उस्तादांचा जबडाच खाली आला. बार नाही, धक्का नाही!

"चाळीस यंत्रांचे सुटे भाग चढवा!" मावशी ओरडली. "पोरांनो, बसा! आणि उस्ताद, तुम्हीही या. वाटेत ढकलावं लागलंच, तर माणूस हवा!"

उस्ताद मागे सुट्या भागांच्या पेटीवर बसले. चढ आला. बॉबिनने सीटची कड घट्ट धरली. सकाळी थोरलीच्या चाकाखाली लावलेला दगड अजून तिथेच होता. तो आला आणि मागेही पडला. थोरली भरल्या अंगाने त्या चढावर चढत होती, उस्तादांच्या नाकावर टिच्चून, तेही उस्तादांना पाठीवर घेऊन!

केंद्राच्या फाटकात शिरले तेव्हा पावणेदोन वाजले होते.

"चारच्या आत बोलावलं होतं, इतक्या लवकर?" केंद्राच्या बाई चकित झाल्या.

"आज सगळीकडेच सुट्टी लवकर झाली," वकील गंभीरपणे म्हणाला.

मागोमाग मामाची गाडी आली. तो उतरला आणि त्याने थोरलीच्या बॉनेटवर हात ठेवला. "चुकलंच माझं," तो मावशीला म्हणाला. "बघायला हवं होतं." मग त्याने बॉबिनच्या डोक्यावर टपली मारली. "आणि तू! माझ्या ऑफिसात तुझ्यासारखं एकही माणूस नाही, हे बरं की वाईट तेच कळत नाही मला!"

उस्ताद पेटीवरून खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, वायरी निरखल्या आणि खिशातून पेन काढून हाताच्या तळव्यावर चार आकडे लिहून घेतले. "पोरी," ते घसा खाकरत म्हणाले, "पुढच्या वेळी बाजूला हो म्हटलं, तर ऐकू नकोस."

"नाहीच ऐकणार!" बॉबिन म्हणाली.

आत चाळीस यंत्रं ओळीने मांडलेली होती. मावशीने कानावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याला ती कधीही कुणाला हात लावू देत नसे. तिने तो बॉबिनच्या कानावर खोचला.

"पहिलं यंत्र तुझं."

बॉबिन पहिल्या यंत्रासमोर बसली, आणि नवल म्हणजे दोन मिनिटं झाली, पाच झाली, तरी जागची हलली नाही. आधी तिने यंत्रावरचे बाण एकेक करून नीट बघून घेतले. मगच पहिला स्क्रू सोडवला.