मंगळावरून तीन सेकंदांत

मंगळावरचा माणूस भूम गावातल्या शाल्मलीताईच्या प्रत्येक प्रश्नाला तीन सेकंदांत उत्तर देत होता. यात काय खटकतं, सांगा पाहू? ताईला काहीच खटकलं नाही. तिच्या धाकट्या बहिणीला, अकरा वर्षांच्या मृण्मयीला, मात्र काहीतरी खटकत होतं. काय, ते तिला नेमकं सांगता येईना.

ताई गुलाबांच्या हरितगृहात कामाला होती. मंगळावरच्या वसाहतीत भाजीपाला पिकवायला माणसं लागतात, हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि आज निरोप आला : तुमची निवड झाली. ना परीक्षा, ना मुलाखत. अर्ज तरी कधी केला होता हिनं? पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी गत.

"मी इथूनच, मंगळावरून लिहितोय. खिडकीतून तांबडे डोंगर दिसताहेत," समोरच्यानं लिहिलं. "तासाभरात बुबुळाचा ठसा पाठवा, नाहीतर जागा जाईल. घरी सध्या कोणाला सांगू नका."

बुबुळाचा ठसा (डोळ्यातल्या नक्षीची नोंद, प्रत्येकाची वेगळी) म्हणजे ताईची किल्लीच. बँक, दवाखाना, घराचं दार, सगळं त्यावर उघडायचं. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो, डोळा कुठून बदलणार?

ताईनं डोळा कॅमेऱ्याजवळ नेला. मृण्मयीनं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला.

"आधी भाऊआजोबांना विचारू."

भाऊआजोबा म्हणजे आईचे काका. अंतराळयानांशी बोलणाऱ्या मोठ्या अँटेनावर त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि आता ते शेजारच्या गल्लीत राहत. ताई फणफणतच गेली. आजोबांनी निरोप वाचलासुद्धा नाही.

"उत्तर किती वेळात येतं?"

"लगेच," मृण्मयी म्हणाली.

"आज मंगळ आपल्यापासून छत्तीस कोटी किलोमीटरवर आहे. निरोप जातो रेडिओलहरींवर (प्रकाशाच्याच वेगानं धावणाऱ्या, न दिसणाऱ्या लहरी). सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याहून जलद काहीच धावू शकत नाही. कर भागाकार."

मृण्मयीनं कागदावर शून्यं खोडली. बाराशे सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. जायला वीस, यायला वीस. एका साध्या 'हो'साठी चाळीस मिनिटं! तिच्या अंगावर काटा आला. आभाळ इतकं मोठं असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"मग हा बोलतोय कुठून?" ताईनं हळूच विचारलं.

"इथूनच कुठूनतरी, पृथ्वीवरून. डोंगरांचं चित्र कुणीही बनवतं गं, प्रकाशाला मात्र कुणालाच जास्त जोरात पळवता येत नाही. पण प्रत्येक ठग इतका बावळट नसतो. उद्या कुणी जवळच्या शहरातलं ऑफिस सांगेल, तिथं हा भागाकार चालायचा नाही. तेव्हा बघायचं, घाई कोण करतंय, घरच्यांपासून लपवायला कोण सांगतंय, न मागितलेल्या नोकरीसाठी किल्ली कोण मागतंय. आणि खात्री त्याच निरोपातल्या पत्त्यावर करायची नाही. चोरालाच विचारून काय उपयोग? पत्ता आपला आपण शोधायचा."

त्यांनी सरकारी सूचीतून वसाहतीचा पत्ता काढला. ताईनं लिहिलं, "खरंच माझी निवड झाली आहे का?" आणि तिघं घड्याळाकडे बघत बसली. दहा मिनिटं झाली. आत्ता ताईचा प्रश्न अर्ध्या वाटेवर असेल, मृण्मयीच्या मनात आलं, पुढे काळोख, मागे काळोख, आणि मध्ये तेवढी एक ओळ धावते आहे.

इकडे तो माणूस लिहीतच होता. "शेवटची पाच मिनिटं." मग, "जागा गेली."

ताईचे डोळे भरले. "खरं असतं तर, आजोबा?"

"खरी नोकरी एका प्रश्नानं पळून जात नाही, पोरी."

एकेचाळिसाव्या मिनिटाला उत्तर आलं.

"नाही. आम्ही अशी निवड करत नाही आणि बुबुळाचा ठसा कधीच मागत नाही. आज हे विचारणाऱ्या तुम्ही सातव्या. आधीच्या सहा जणांनी ठसा दिला आणि मग विचारलं. भरती चैत्रात आहे, अर्ज जरूर करा. हरितगृह विभाग, मंगळ."

ताईनं 'सहा जणांनी' हे शब्द पुन्हा वाचले.

"त्यांना कुणी अडवलंच नसेल," ती म्हणाली. तिनं स्क्रीन पुढे ओढली आणि कामावरच्या सगळ्यांना घडलेलं लिहायला बसली, आपल्या फजितीसकट.

"आणि अर्ज?" मृण्मयीनं विचारलं.

"करणार तर. चैत्रात."