वॉरांबीचे पांढरे हातमोजे

पहाट फुटत होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या माळावरची वॉरांबीची दगडी न्यायकचेरी, तुरुंगाच्या भिंतीला पाठ लावून, आपल्या पोटात काही पापच नाही अशा थाटात उभी होती. फिरतीवरचे न्यायमूर्ती जॉसाया पेनगिली यांना वेशीवरून मिरवत आणायला वीस घोडेस्वार गेले, पण एकाच्याही मनात तिळाएवढा आदर नव्हता. विलायतेहून आलेल्या त्या नाकवाल्यांना वसाहतीतच जन्मलेला न्यायाधीश कसा रुचावा? त्यातून बाप याच तुरुंगात सात वर्षे बेड्या घालून होता!

त्या मुलखाची रीत अशी, की खटल्याला एकही आरोपी नसला तर शेरिफाने न्यायमूर्तींना पांढरे हातमोजे अर्पण करायचे. कचेरी भरताच शेरिफ क्रॉफ्टन मोज्यांचे तबक घेऊन पुढे झाला. शेजारी हजारो मेंढरांचा धनी हॅलिडे नवरदेवासारखा फुगून बसलेला. पाण्याच्या भांडणात त्याने आपल्या मेंढपाळाला गोळी घातली, हे गावाला ठाऊक होते. बोलली एकटी मेंढपाळाची बायको नोरा, आणि ती आठ दिवस बेपत्ता होती.

"महाराज, आमचा जिल्हा निष्कलंक आहे. तुरुंग रिकामा. स्वीकार व्हावा."

हॅलिडे कानाशी लागला. "सरन्यायाधीशपदासाठी आपलं नाव मी आजच गव्हर्नरसाहेबांकडे धाडतोय. मोजे चढवा."

पेनगिलींनी हात मागेच ठेवला. "आधी ललकारी. फिर्याद असेल त्याने पुढे यावे, ही हाक तीनदा व्हायला हवी."

"चोपदाराचा घसा बसलाय, महाराज."

"सगळ्या गावाचाच बसलेला दिसतो. मी देतो."

"बेडीवाल्याच्या पोराला चोपदारीच शोभते!" मागून कुणी तरी खिदळले.

पहिली हाक गेली, दुसरी गेली. लोक जमिनीकडे बघत राहिले, मेले! तेवढ्यात न्यायमूर्तींची नजर मागच्या भिंतीतल्या झरोक्यावर गेली. पलीकडच्या कोठडीत कचेरीतला शब्दन् शब्द ऐकू येतो, असे बाप सांगायचा. आज झरोक्यात गोणपाट कोंबलेले होते.

"महाराज, थंडी येते म्हणून..." क्रॉफ्टन आडवा झाला. त्याला बाजूला सारून, झग्यासकट बाकावर चढून, पेनगिलींनी गोणपाट उपसले आणि झरोक्याला तोंड लावून तिसरी हाक दिली.

"आहे! मी नोरा!" भिंतीतून आवाज फुटला. "हॅलिडेनं माझ्या नवऱ्याला मारलं! मी डोळ्यांनी पाहिलं!"

हातमोजे उचलून न्यायमूर्तींनी शेरिफाच्या हातावर ठेवले. "हे तुम्हीच घाला. तुमच्या हातांना झाकण हवंय."

हॅलिडे सक्तमजुरीला गेला, क्रॉफ्टनची शेरिफकी गेली. पेनगिली सरन्यायाधीश कधीच झाले नाहीत. बावीस वर्षे धुळीच्या वाटांनी फिरतीच करत राहिले, आणि एकाही बड्या घराने त्यांना जेवायला बोलावले नाही. वॉरांबीचा चोपदार मात्र तेव्हापासून तिसरी ललकारी त्या झरोक्याकडे तोंड करूनच देऊ लागला, पलीकडे कुणी असो वा नसो.