काखेतलं उपरणं

रणधीरचा डावा हात म्हणजे दाव्याला न राहणारं वासरू. गोल्फची स्टिक मागं गेली की कोपर अंगापासून सुटायचं आणि चेंडू भलत्याच बांधाला जायचा. पुण्याच्या एका मैदानावर तो चेंडू गोळा करायचा. आता तिथंच शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं. अट एकच, सरळ फटक्यांचा व्हिडिओ आजच्या आज पाठवायचा. आणि हा सुट्टीवर आपल्या गावी येरमाळ्याला, सोयाबीन निघालेल्या वावरात!

दिशा कळावी म्हणून त्यानं जमिनीवर दोन वेळू आडवे ठेवले. डाव्या काखेत रुमाल धरला. फटका मारताना रुमाल पडला नाही म्हणजे हात अंगालगत राहिला, इतकं साधं गणित. पण रुमाल दर वेळी ढेकळांत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर इथलं अंगण खरंच वाकडं होतं.

रुमालच लहान पडतोय, असं त्यानं ठरवून टाकलं. शेजारच्या ज्वारीच्या कडेला येळवशीच्या पूजेची कडब्याची कोप, छोटंसं खोपटं, अजून उभी होती. त्या मार्गशीर्ष अमावस्येला घरच्यांनी आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजले होते. दगडांवर पांढरं उपरणं पांघरलेलं होतं. येळवस होऊन गेली, आता देवाला कशाला लागतंय पांघरूण? रणधीरनं हात जोडले आणि उपरणं ओढून घेतलं.

ते काखेत नीट बसलं. भर उन्हातही गार लागत होतं.

पहिला फटका सरळ. दुसराही. तिसऱ्याला तर कुणीतरी कोपर धरून अंगाशी आणल्यासारखं वाटलं. त्याला आनंद झाला, आणि का कोण जाणे, जरा भीतीही वाटली. बांधावर टेकवलेल्या मोबाइलात सगळं आलं होतं. त्यानं व्हिडिओ लगेच पाठवून दिला.

तेवढ्यात त्याची आई कडूबाई भाकरी घेऊन आली.

"माय, हे उपरणं मला राहू दे."

"कंचं?"

"पांडवांवरचं. हे काय, काखेत."

कडूबाई त्याच्या काखेकडं बघत राहिली.

"ते म्या येळवशीच्या सांजंलाच घरी नेलं. धुऊन पेटीत ठिवलंय." तिचा आवाज उतरला. "तुझ्या काखेत काय बी न्हाय, बाबा."

रणधीरनं खाली पाहिलं. नुसता शर्ट होता. ढेकळांत शोधलं, कोपीत डोकावला. दगड उघडेच होते. काख मात्र अजून गार.

फोन वाजला. मैदानावरचे साहेब खुशीत होते.

"काम तुझंच. सोमवारी ये. आणि तुझ्या मागं कोपर धरून उभे आहेत ना, त्या गुरुजींनाही घेऊन ये."

फटके मारताना वावरात तर तो एकटाच होता.

त्यानं फोन खिशात टाकला. आईनं भाकरी पुढं केली. ती घ्यायला तो दोन्ही हात उचलायला गेला, तर डावा हात अंगापासून सुटेना. ओढला. हलेना.

"सोडा आता," तो हळूच म्हणाला.

हात सुटला.