शेवटचा कर्णा

नदीकाठच्या पायवाटेच्या कठड्यात मी पितळी कर्णे बसवले, तेव्हा लोकांना मोठी गंमत वाटली. प्रत्येक कर्ण्यातून एक नळी खाली पाण्यात जाते. कान लावला की प्रवाहाचा खळखळाट ऐकू येतो. सायकलवाले थांबून, हेल्मेट काढून ऐकायचे. धातूकामात माझा निम्मा जन्म गेला, पण घरच्यांना हौसेने दाखवावं असं हे पहिलंच काम.

सासूबाई गेल्यापासून अप्पा, म्हणजे माझे सासरे, घरात कुणाशी बोलेनासे झाले होते. मी त्यांना सकाळी तिथे फिरायला नेऊ लागले. थोड्याच दिवसांत त्यांची कळी खुलली. वाटेच्या टोकाला, शेवटच्या कर्ण्यापाशी ते ऊन चढेपर्यंत बसून राहायचे. त्यात तोंड घालून पुटपुटायचे.

"कुणाशी बोलता, अप्पा?"

"हिच्याशी. हिला सगळं ऐकायचं असतं. घरात काय चाललंय, तू काय करतेस."

"अप्पा, या कर्ण्याला नळीच नाही. इथे खडक लागला, म्हणून नुसता शोभेला बसवलाय. मागे सिमेंट आहे."

"असू दे की," ते म्हणाले.

ते उठल्यावर मी कान लावला. पाण्याचा आवाज येणार नव्हताच. पण वाऱ्याचाही आला नाही, मागून गेलेल्या सायकलच्या घंटीचाही नाही. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसावं, तशी शांतता होती.

मी कान काढून घेतला.

पुढे अप्पांचं जेवण तुटलं. शर्ट खांद्यावरून लोंबू लागला. डॉक्टरांना काही सापडेना. अप्पा मात्र खुशीत होते.

"आता सांगायचं थोडंच उरलंय," एकदा ते म्हणाले. "संपलं की निघू म्हणते."

"कुठे?"

ते माझ्याकडे पाहून हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे.

त्याच दुपारी मी आणि नवरा साहित्य घेऊन गेलो. कर्ण्याच्या तोंडावर जाड पितळी चकती ठेवली आणि कडेने धातू वितळवून पक्का डाग दिला. नवऱ्याने हातोडीने ठोकून पाहिली. जराही हलली नाही.

"आपल्या आईला बाहेर ठेवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. मी साहित्य पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा ऐकेनात. त्यांचा हात धरून मी सोबत गेले. बंद कर्णा पाहतील आणि परत फिरतील, असं वाटलं होतं.

डाग शाबूत होता.

चकती मात्र सपाट राहिली नव्हती. मधोमध ती आतून बाहेर फुगली होती.

मी जवळ गेले.

पितळेत एका कानाचा उठाव होता. वळ्या, खळगा, सगळं स्पष्ट. खालची पाळी डुलांच्या वजनाने चिरलेली, सासूबाईंची होती तशी.

अप्पांनी त्या पाळीवरून अंगठा फिरवला.

"हं," ते हळूच म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?"