आईच्या खोलीची वायर

“या चादरीची सावली पॅनेलवर पडतेय.”

गच्चीत मी आईची चादर वाळत घालत होते. वळून पाहिलं, तर आमच्या इमारतीवर सोलर बसवायला आलेला वायरमन… चेहरा इतका गंभीर, की जणू मी सूर्यच चोरला होता.

“एकावर पडली तर पडली. बाकीची आहेत ना ढीगभर!”

“एक अडलं, की रांगेतली सगळी अडतात.”

“अगदी आमच्या नातेवाइकांसारखी.”

तो हसला नाही. पण त्यानं दोरी सोडून पलीकडे बांधली आणि चादर झटकून, कोपरे जुळवून वाळत घातली. तेवढ्यानंच… असो.

जिन्याखाली बॅटऱ्यांचं कपाट आलं होतं. वीज गेली, की प्रत्येक घराची एकच लाइन त्यावर चालणार; कुठली, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. यादीत कुणी टीव्ही लिहिला, कुणी फ्रीज. मी लिहिलं – आईची खोली. आईची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन अखंड घुरघुरायचं. अडीअडचणीला एक सिलिंडर होता, तोही जेमतेम तासाभराचा.

आमच्या घरी तो दोन दिवस काम करत होता. मी शिवणयंत्रावर बसून बडबडायची, तो बोर्डापाशी उभा राहून ऐकायचा.

“तुम्ही नेहमीच इतकं कमी बोलता?”

“तारा जोडताना.”

“आणि एरवी?”

“एरवी… बोलायला कुणी नसतं.”

निघताना मी विचारलं, “आईचं मशीन चालेल ना नक्की?”

“नक्की.”

आठवड्याभरानं भरदुपारी वीज गेली. आमचा फ्रीज ऐटीत चालू राहिला. आईचं मशीन मात्र एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. मी धावत जाऊन सिलिंडर उघडला. नळी लावली, आईचा श्वास स्थिरावला, मग त्याला फोन केला.

चार मजले धावत आला तो. बोर्ड उघडला आणि एकेक वायर निरखली.

“सैल झाली असेल वायर,” मीच म्हटलं.

“नाही. आईंची वायर मी फ्रीजच्या जागी लावली. मेन बंद करून तपासायला हवं होतं, तेही केलं नाही. तुम्ही तेव्हा वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होतात… माझं लक्ष हातांकडे नव्हतं.”

“म्हणजे खापर माझ्या माथी?”

“नाही. चूक माझीच. ऑफिसला कळवतो. दुसरा माणूस येईल.”

राग तर असा आला होता! पण पळवाट मी स्वतःच काढून दिली होती, आणि हा त्या वाटेनं गेला नव्हता.

“दुसरा कशाला? आत्ताच नीट करा. मी तोंड उघडणार नाही.”

मी टॉर्च धरला. एक शब्द नाही – मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. त्यानं वायर बदलली, दोनदा तपासली. वीज अजून आली नव्हती. मशीन घुरघुरू लागलं.

तो पलंगापाशी वाकला. “काकू, माझ्यामुळे त्रास झाला. माफ करा.”

आईनं दम घेतला. “झालं ना नीट? मग… बोला की आता दोघं. इतकं शांत… मला नाही करमत.”

दाराशी तो घुटमळला. “उद्या येऊ?”

“काम तर संपलं.”

“संपलं. म्हणूनच विचारतोय.”

“या,” मी म्हटलं. “हत्यारं घरी ठेवून.”